‘पाठविले’ या नोंदीचा अर्थ : ‘अहॉय ईमेल’ या लायब्ररीचे परीक्षण

१

कचेरीतील जावक नोंदवही हे अत्यंत साधे साधन आहे. पत्राचा क्रमांक, दिनांक, ज्यास पाठविले त्याचे नाव, विषय आणि शेरा, एवढे रकाने आखले की वही तयार होते. तथापि तिचे सामर्थ्य तिच्या साधेपणाच्या प्रमाणात नसते. वर्षा-दोन वर्षांनी वाद उपस्थित झाला म्हणजे हीच वही कपाटातून बाहेर काढली जाते. आणि ‘आमच्या दप्तरी पाठविल्याची नोंद आहे’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले, की पत्र मिळाले नाही हे पटवून देण्याचा भार पत्राची वाट पाहत राहिलेल्या माणसावर येऊन पडतो. भारतीय कायद्यानेही या अनुमानाला एका मर्यादेत रूप दिलेले आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या २७ व्या कलमानुसार, कायद्याने टपालाद्वारे बजावावयाचा कागद योग्य पत्ता घालून व हशील भरून रजिस्टर्ड टपालाने पाठविला असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो टपालाच्या नेहमीच्या क्रमाने पोहोचला असेच धरले जाते. ‘पाठविले’ यातून ‘पोहोचले’ हे अनुमान निघते ते असे.

ईमेलच्या प्रसाराबरोबर ही वही संगणकाकडे आली. महाविद्यालयाची शुल्काची सूचना, रुग्णालयाचे तपासणीचे पत्र, बँकेचे स्मरणपत्र, दुकानाची पावती ही पत्रे आता कोणी कारकून लिहीत नाही आणि टपालातही टाकीत नाही. प्रोग्रॅम ती तयार करतो व स्वतःच रवाना करतो. मग जावक नोंदवही कोणी ठेवावयाची? या प्रश्नाला दिलेल्या अनेक लहान उत्तरांपैकी ‘अहॉय ईमेल’ ही एक लायब्ररी होय. प्रोग्रॅमिंगच्या व्यवहारात लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. दुसऱ्याने आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यावा असा तयार कोडचा संच, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ‘अहॉय ईमेल’ रूबी या भाषेत लिहिलेली असून ‘रेल्स’ या चौकटीवर उभारलेल्या संकेतस्थळांसाठी आहे. तिचा कोड कोणासही मोफत वाचावयास व वापरावयास मिळतो. त्यामुळे एखाद्या छापील ग्रंथाचे परीक्षण करावे तसे तिचे परीक्षण करता येते.

तिच्या परीक्षणात मुख्य प्रश्न एकच आहे. ती जेव्हा आपल्या तक्त्यात ‘हे पत्र अमुक वेळी पाठविले’ असे लिहिते, तेव्हा ती नेमके काय सांगते, आणि ते सांगण्याचा तिला कितपत अधिकार आहे?

२

प्रथम या कृतीचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. रेल्समध्ये पत्रे पाठविण्याचे काम ‘ॲक्शन मेलर’ हा भाग करतो आणि प्रत्यक्ष रवानगीसाठी तो ‘मेल’ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून असतो. या यंत्रणेत निरीक्षकाची एक सोय आहे. पत्र रवाना झाल्यावर कळवावे, असे सांगून कोणताही कोड तेथे निरीक्षक म्हणून नाव नोंदवू शकतो. ‘अहॉय ईमेल’ याच जागी बसते. रवानगीच्या कामात ती हात घालीत नाही. काम उरकल्यावर तिला बोलावणे येते आणि मग ती तक्त्यात एक ओळ लिहिते.

ओळीतील रकाने मोजके आहेत : पत्र कोणत्या सभासदास उद्देशून होते त्याचा निर्देश, ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता, पत्र तयार करणाऱ्या मेलरचे व त्यातील कृतीचे नाव, पत्राचा विषय आणि ‘सेंट-ॲट’ या नावाची वेळ. पत्राच्या मजकुरासाठी मूळ आराखड्यात रकाना नाही. ज्यास तो हवा असेल त्याने तो स्वतः जोडावा, अशी योजना आहे. प्रत्येक पत्राची नोंद होतेच असेही नाही. मेलरमध्ये ‘हॅज-हिस्टरी’ ही एक ओळ लिहिली तरच त्याच्या पत्रांची नोंद होते, आणि तीही अमुकच पत्रांपुरती मर्यादित करता येते. पत्र तात्काळ न पाठविता रांगेत ठेविले असेल, तर रांगेत ठेवल्याच्या क्षणी नोंद होत नाही. कामगार-प्रोग्रॅमने ते उचलून रवाना केल्यावरच होते. पाठविण्याचा विचार आणि पाठविण्याची कृती यांतील अंतर या लायब्ररीने राखले आहे, हा तिचा पहिला गुण म्हटला पाहिजे.

३

या लायब्ररीच्या इतिहासात एक घटना अशी आहे, की जिच्यावाचून तिचे मूल्यमापन अपुरे राहील. २०२१ साली तिची दुसरी मुख्य आवृत्ती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत ती पत्र पाठविल्याची नोंद तर करीतच असे, शिवाय पत्र उघडले गेले काय, हेही टिपून घेण्याची सोय तिच्यात होती. त्याची युक्ती सर्वपरिचित आहे. पत्रात डोळ्यांस न दिसणारे एक सूक्ष्म चित्र घालावयाचे आणि त्याचा पत्ता पत्रागणिक निराळा ठेवावयाचा; वाचकाच्या यंत्राने ते चित्र मागविले, की ‘उघडले’ अशी नोंद करावयाची. नव्या आवृत्तीत ही सोय, खासगीपणाचे कारण स्पष्ट देऊन, काढून टाकण्यात आली. दुव्यावर कोणी बोट ठेविले याची व्यक्तिशः नोंद करण्याऐवजी एकत्रित मोजदाद करावी, असाही उपदेश त्याबरोबर करण्यात आला. इतिहासाची नोंद आपोआप न होता सांगितल्यावरच व्हावी, हा बदलही याच वेळचा.

असलेली सोय काढून टाकणे हे सॉफ्टवेअरच्या व्यवहारात विरळाच घडते. ग्राहकास अधिकाधिक कळावे आणि त्यासाठी नवनवीन रकाने वाढावे, हाच तेथील सामान्य ओघ आहे. या निर्णयाचे समर्थन नीतीच्या दृष्टीने सहज करता येते. कारण पत्र वाचणाऱ्याला आपल्या मागे कोणी उभे आहे याची जाणीवही नसते. परंतु या निर्णयाला ज्ञानाच्या दृष्टीनेही तितकाच भक्कम आधार आहे. २०१३ च्या डिसेंबरात जीमेलने पत्रांतील चित्रे आपल्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत दाखविण्यास आरंभ केला, तेव्हाच चित्र मागविणारा आणि पत्र वाचणारा यांच्यामध्ये एक पडदा आला. २०२१ च्या सप्टेंबरात ॲपलने आपल्या मेलमध्ये खासगीपणाचे जे संरक्षण आणले, त्याने तर वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, दूरची चित्रे पार्श्वभूमीत मागवून घेण्याची व्यवस्था केली. म्हणजे ‘उघडले’ हा रकाना भरत राहिला, पण त्यातील विधान खोटे ठरू लागले. उलट, ज्याने चित्रे दाखविणे बंद करून ठेविले होते त्याने पत्र दहा वेळा वाचले तरी तो रकाना पूर्वीही रिताच राहत असे.

‘अहॉय ईमेल’ने जे सोडले ते अशा रीतीने परक्याच्या कृतीविषयीचे अनुमान होते; जे राखले ते स्वतःच्या कृतीचे विधान आहे. नोंदवहीने आपल्या दारापुरते बोलावे, पलीकडच्या घरात काय चालले आहे ते सांगू नये, ही मर्यादा तिने स्वतःहून पत्करली. या परीक्षणात पुढे जे दोष दाखविले आहेत, ते हा मोठा गुण मान्य करूनच दाखविले आहेत. किंबहुना या लायब्ररीने स्वतःस जी कसोटी लावली तीच ‘पाठविले’ या उरलेल्या शब्दास लावली असता काय दिसते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

४

पाठविलेल्या पत्रांची आठवण ठेवणारा प्रोग्रॅम ही काही नवी गोष्ट नाही. बर्कले येथील युनिक्समध्ये ‘व्हेकेशन’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम १९८३ पासून आहे. तो एरिक ऑलमन यांनी लिहिला. माणूस रजेवर गेला असता त्याच्या वतीने येणाऱ्या पत्रांस ‘सध्या बाहेरगावी आहे’ असे उत्तर धाडावयाचे, हे त्याचे काम. परंतु उत्तरास उत्तर आणि त्यास पुन्हा उत्तर असे चक्र सुरू होण्याचा धोका या कामात असतो. म्हणून कोणास उत्तर पाठविले याची एक लहानशी यादी तो ठेवतो आणि एकाच माणसास आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उत्तर देत नाही. हाच नियम पुढे पत्रांच्या छाननीसाठी असलेल्या ‘सीव्ह’ या भाषेच्या ‘व्हेकेशन’ विस्तारात, आरएफसी ५२३० मध्ये, २००८ साली प्रमाणरूपाने आला. तेथेही दिवसांची मूळ संख्या सातच धरलेली आहे.

या जुन्या प्रोग्रॅमची आणि ‘अहॉय ईमेल’ची तुलना उद्बोधक आहे. ‘व्हेकेशन’ आपल्या यादीत नाव प्रथम लिहितो आणि उत्तर मागाहून धाडतो. ‘अहॉय ईमेल’मध्ये पत्र प्रथम जाते आणि नोंद मागाहून होते. वरवर पाहता हा क्रमाचा किरकोळ भेद वाटेल. परंतु दोहोंच्या प्रकृतीतील भेद त्यात पूर्णपणे उतरला आहे. ‘व्हेकेशन’ची यादी पहारेकऱ्यासारखी आहे. पुढचे पत्र जाऊ द्यावयाचे की अडवावयाचे, हे ठरविण्यासाठी ती असते. नाव लिहिल्यावर आणि उत्तर धाडण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर एका माणसास उत्तर मिळणार नाही एवढेच. चक्र मात्र सुरू होणार नाही. येथे पत्र न जाण्याची हानी लहान आहे, दोनदा जाण्याची मोठी, आणि क्रम त्या हिशेबाने ठरलेला आहे.

‘अहॉय ईमेल’ची वही बखरीसारखी आहे. घडले ते सांगणे हा तिचा हेतू. आपल्या परिचयात ती स्वतःस रेल्ससाठी असलेले ईमेलचे विश्लेषण-साधन म्हणविते, पहारेकरी म्हणवीत नाही. बखरीस घटनेनंतर लिहिणेच शोभते. अडचण उद्भवते ती वापरणाऱ्याच्या हातून. सभासदास स्वागताचे पत्र गेले आहे काय, हे तक्त्यात पाहावे, नोंद नसेल तर पत्र पाठवावे, असा कोड लिहिण्याचा मोह अगदी स्वाभाविक आहे. आणि वही हाताशी असताना तो कोणासही आवरणार नाही. त्या क्षणी बखरीस पहाऱ्यावर उभे केले जाते. दोन कामगार-प्रोग्रॅमनी एकाच वेळी तक्ता पाहिला तर दोघांसही नोंद आढळत नाही आणि दोघेही पत्र पाठवितात. एका माणसास एका प्रकारचे एकच पत्र, असे बंधन मूळ तक्त्यावर नाही, आणि बखरीवर ते असण्याचे कारणही नाही. कारण तेच पत्र खरोखरच दोनदा गेले असेल तर बखरीने ते दोनदाच लिहावयास हवे.

५

परंतु बखर म्हणून तरी ही वही निर्दोष आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी पत्र एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर कसे सोपविले जाते ते पाहिले पाहिजे. त्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्ये घालून दिले आणि २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये त्यांचे सुधारित रूप आहे. पाठविणारा सर्व मजकूर सांगून झाल्यावर शेवटी केवळ एक टिंब असलेली ओळ पाठवितो. घेणारा पत्र स्वीकारून ‘२५०’ हा आकडा उलट कळवितो. त्या आकड्याबरोबर जबाबदारी हस्तांतरित होते. पत्र पोहोचविणे किंवा पोहोचविता आले नाही असे कळविणे, हे यापुढे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

टिंब आणि ‘२५०’ यांच्यामध्ये काही काळ जातो. घेणाऱ्याने पत्र ठेवून घेतले, परंतु त्याचा होकार पोहोचण्यापूर्वी जोडणी तुटली किंवा पाठविणाऱ्याचा धीर सुटला, तर पाठविणारा पत्र गेले नाही असे समजून ते पुन्हा धाडतो आणि वाचकास दोन प्रती मिळतात. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ च्या आरएफसी १०४७ मध्ये नेमक्या याच दोषाचे विवेचन केले आहे. घेणाऱ्याने होकार त्वरित द्यावा, हा त्यावरील उपाय. आणि पाठविणाऱ्याने या टप्प्यावर दहा मिनिटे तरी थांबावे, अशी सूचना आरएफसी ५३२१ मध्ये आहे. या उपायांनी दोष उणावतो, पण समूळ नाहीसा होत नाही. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने जी अडचण मांडली, तिचेच हे रूप आहे. वाटेत निरोप हरवू शकत असेल, तर निरोप मिळाला हे दोन्ही पक्षांस एकाच वेळी निश्चितपणे ठाऊक होणे शक्य नसते. शेवटचा निरोप पोहोचला की नाही, ही शंका कोणत्या तरी एका बाजूस उरतेच.

‘पाठविले’ ही नोंद या अटळ शंकेच्या काठावर उभी आहे. तिच्या चुका चार प्रकारांनी संभवतात.

होकार वाटेत हरवला, तर पत्र पोहोचलेले असूनही यंत्रणा चूक झाल्याचे सांगते, निरीक्षकास बोलावणे येत नाही आणि नोंद होत नाही. पुढे रांगेने तेच काम पुन्हा केले म्हणजे दुसरी प्रत जाते. वहीत मात्र एकच ओळ दिसते.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. रवानगीतील चूक वर न कळविता गिळून टाकावी, अशी एक मांडणी ॲक्शन मेलरमध्ये करता येते. मूळ ठेवण चूक कळविण्याची आहे. परंतु नव्या रेल्स-प्रकल्पाच्या विकासाच्या टप्प्यासाठी जी तयार मांडणी मिळते तीत ती बंद केलेली असते, आणि प्रत्यक्ष वापरातही कोणी ती बंद ठेवू शकतो. चूक गिळली गेल्यावर ‘मेल’ लायब्ररी निरीक्षकांस नेहमीप्रमाणे कळवितेच. अशा वेळी पत्र गेलेले नसते, पण नोंद झालेली असते. पत्राची वाट पाहणाऱ्यास सर्वांत घातक असा प्रकार हाच होय.

तिसऱ्या प्रकारात पत्र जाते, पण नोंद लिहिताना डेटाबेसमध्ये बिघाड होतो. प्रत्यक्ष वापरात अशी चूक ‘अहॉय ईमेल’ सांभाळून घेते. म्हणजे ती चूक अन्यत्र कळविली जाते आणि मूळ काम अडत नाही. वहीतील दोषासाठी पत्रव्यवहार थांबवू नये, ही दृष्टी विश्लेषणास योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ असा, की वहीत ओळ नाही एवढ्यावरून पत्र गेले नाही असे म्हणता येत नाही.

चौथ्या प्रकारात मधला सर्व्हर पत्र स्वीकारतो आणि काही काळाने पत्ता चुकीचा असल्याचे, किंवा पेटी भरल्याचे, उलट कळवितो. ही परत आलेली पत्रे नोंदविण्यास मूळ आराखड्यात रकाना नाही. ‘पाठविले’ ही ओळ तशीच राहते. टपालाच्या भाषेत बोलावयाचे तर परत आलेला लिफाफा टेबलावर पडलेला असतो आणि जावक नोंदवहीत शेऱ्याची जागा कोरी असते.

६

यावरून ‘सेंट-ॲट’ या रकान्याचा खरा अर्थ निश्चित करता येतो. पत्र वाचले गेले, पोहोचले, किंवा निश्चितपणे रवाना झाले, यांपैकी काहीही तो सांगत नाही. रवानगीचे काम सोपविलेली यंत्रणा तक्रार न करता परत आली आणि त्यानंतर ही ओळ लिहिली गेली, एवढेच तो सांगतो.

हा काटेकोरपणा केवळ पांडित्यासाठी नाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या १३ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची रवानगी केव्हा झाली असे धरावे, याची व्याख्या दिलेली आहे. उभय पक्षांत वेगळे ठरले नसेल, तर पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक-साधनात तो अभिलेख शिरला म्हणजे रवानगी झाली, असा तिचा आशय आहे. आता अनेक संस्थांत प्रोग्रॅम पत्र थेट बाहेर पाठवीत नाही. तो ते संस्थेच्याच दुसऱ्या सर्व्हरकडे देतो आणि तो सर्व्हर सवडीने ते बाहेर पाठवितो. अशा ठिकाणी ‘सेंट-ॲट’ची वेळ ही कायद्याच्या अर्थाने रवानगीची वेळच नव्हे, पत्र अद्याप पाठविणाऱ्याच्याच आवारात असते. कचेरीच्या व्यवहारात याचे साम्य शोधावयाचे तर, शिपायाच्या हाती लिफाफा दिला आणि शिपाई अजून फाटकाबाहेर पडलेला नाही, त्या क्षणाशी शोधावे लागेल. पुढे शुल्काची अंतिम मुदत, अपिलाचे दिवस किंवा प्रवेशाची संधी या नोंदीवरून मोजली जाणार असेल, तर फाटकाच्या आतील आणि बाहेरील वेळेतला हा भेद एखाद्या माणसास फार महाग पडू शकतो.

७

आता राहिले रकान्यांचे परीक्षण. पत्ता कूटबद्ध करून ठेवण्याची व्यवस्था दुसऱ्या आवृत्तीपासून नव्या मांडणीत मूळचीच आहे. त्याचबरोबर पत्त्यावरून शोध घेता यावा म्हणून त्याची एक गुप्त किल्लीने बनविलेली खूण निराळ्या रकान्यात ठेविली जाते. एका पत्त्याची खूण सदैव एकच येते. त्यामुळे मूळ पत्ता न उलगडता त्या पत्त्यावरील पत्रे शोधता येतात. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. परंतु तिचा विचार अर्ध्यावर थांबला आहे, असे म्हणणे प्राप्त आहे. पत्ता कुलपात आणि पत्राचा विषय उघडा, अशी येथील स्थिती आहे. ‘आपल्या रक्ततपासणीचा अहवाल’ किंवा ‘थकलेल्या हप्त्याविषयी’ असा विषय असेल, तर गुपित विषयातच असते. शिवाय शेजारच्या रकान्यात सभासदाचा निर्देश उघडाच आहे; त्यावरून सभासदांचा तक्ता पाहिला की नाव आणि बहुधा पत्ताही सापडतो. एका खोलीला कुलूप आहे आणि तिच्या भिंतीतील दार उघडे आहे, असा हा प्रकार झाला. नोंदवहीचा तक्ता एकटाच परक्याच्या हाती पडला, तरच या कुलपाचा पूर्ण उपयोग.

पत्ता लिहिण्याची रीतही तपासून पाहण्याजोगी आहे. एकच पत्र तिघांस गेले तर तिन्ही पत्ते स्वल्पविरामाने जोडून एकाच रकान्यात ठेविले जातात आणि खूणही त्या जोडलेल्या ओळीची होते. मग त्यांपैकी एकाच्या पत्त्यावरून शोध घेतला असता ही नोंद सापडत नाही. एकास एक पत्र, हे गृहीत धरूनच हा तक्ता आखलेला आहे. संकेतस्थळांच्या नेहमीच्या पत्रव्यवहारास ते पुरते, संस्थांच्या पत्रव्यवहारास पुरत नाही.

तथापि सर्वांत मोठी उणीव याहून साधी आहे. जावक नोंदवहीचा प्राण म्हणजे जावक क्रमांक. तोच क्रमांक वहीत आणि तोच पत्राच्या माथ्यावर, म्हणून वही आणि पत्र एकमेकांची साक्ष देऊ शकतात. ईमेललाही असा क्रमांक असतो. पत्राच्या शीर्षभागातील ‘मेसेज-आयडी’ हे जगात एकमेव असावे असे त्या पत्राचे नाव आहे, आणि वाटेतील सर्व्हरच्या नोंदींतही ते बहुधा आढळते. ‘अहॉय ईमेल’च्या मूळ तक्त्यात त्याला रकाना नाही. त्यामुळे वहीतील ओळ आणि वाचकाच्या पेटीतील पत्र ही एकच वस्तू होय, हे वेळ व विषय यांवरून तर्काने ठरवावे लागते. परत आलेल्या पत्राची सूचना कोणत्या ओळीशी जोडावयाची, हेही त्याचमुळे कठीण होते. नोंद करण्याची पद्धत बदलण्यास लायब्ररीने वापरणाऱ्यास मोकळीक ठेविली आहे आणि हा रकाना जोडणे अवघड नाही; परंतु मूळ आराखडा जे शिकवितो तेच बहुतेकांच्या हातून उतरते, हे विसरून चालत नाही.

८

सारांश, ‘अहॉय ईमेल’ ही लहान, नेटकी आणि आपल्या मर्यादेचे भान असलेली कृती आहे. दुसऱ्याच्या वाचनावर नजर ठेवण्याचे सोडून तिने जो संयम दाखविला तो अनुकरणीय आहे. बखर म्हणून ती बहुतांशी विश्वसनीय आहे. पहारेकरी म्हणून ती नेमली जाऊ नये. ज्यास पत्र दोनदा जाणे किंवा न जाणे परवडणार नाही, त्याने दोन नोंदींची व्यवस्था करावी : पाठविण्यापूर्वी ‘पाठवीत आहे’ अशी एक, जीवर अमुक माणसास अमुक कारणाचे एकच पत्र असे डेटाबेसचे बंधन असेल, आणि होकार आल्यावर ‘सोपविले’ अशी दुसरी. पहिली आहे आणि दुसरी नाही, अशा ज्या ओळी उरतील त्या शंकेच्या होत, आणि त्यांचा निर्णय माणसाने करावा. येथेही शंका नाहीशी होत नाही. पण ती कोठे आहे हे डोळ्यांस दिसते, आणि नोंदवहीकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हे.

उरतो तो शब्दाचा प्रश्न. ‘पाठविले’ हे भूतकाळी रूप आहे; क्रिया पूर्ण झाली असे ते म्हणते. या तक्त्यात जी क्रिया पूर्ण झालेली असते ती पत्र हाती सोपविण्याची. ते पोहोचविण्याची क्रिया तेथून पुढे सुरू होते. तेव्हा अशा तक्त्याच्या आधारे एखादी संस्था ‘आमच्या दप्तरी पाठविल्याची नोंद आहे’ असे म्हणेल, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ ‘आमच्या यंत्राने त्या वेळी तक्रार केली नाही’ एवढाच घ्यावयास हवा. पत्र मिळाले नाही असे म्हणणाऱ्या माणसाचे वाक्य त्या नोंदीने खोडले जात नाही. त्याची चौकशी करणे ओघानेच येते, आणि त्या चौकशीचा आरंभ ही नोंदवही उघडून व्हावा. शेवट तिच्यावरून होऊ नये.